कोणासाठी? वऱ्हाडच्या साहित्य-कलांच्या अभ्यासाला एक प्रस्तावना

माणसे काव्य का रचतात, का गातात, लाकडात आकृती का कोरतात, या प्रश्नाला आपल्याकडे जुनी आणि नेटकी उत्तरे आहेत. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली: कीर्ती, धन, लोकव्यवहाराचे ज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ मिळणारा आनंद आणि प्रिय पत्नीने करावा तसा गोड उपदेश. मराठीच्या विद्यार्थ्याला ही यादी परीक्षेपुरती पाठ असते. यादी खोटी नाही. पण ती घेऊन अमरावती-अकोल्याच्या मुलखात हिंडू लागले, की तिच्यात न बसणारेच पुष्कळ हाती लागते. म्हणून ‘का?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कोणासाठी?’ हाही प्रश्न वाचकांनी हाताशी ठेवावा, एवढीच आरंभी विनंती आहे.

सुरुवात रिद्धपुरापासून करणे सोयीचे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले हे गाव महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर मागे राहिलेले शिष्य इथे जमले. त्यांतले नागदेवाचार्य आठवणी सांगत आणि म्हाइंभट त्या टिपून घेत. मग प्रसंग ज्याच्यासमोर घडला त्याला गाठून म्हाइंभट खातरजमा करत. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर हा फरकही नोंदवला जाई. १२७८ च्या सुमारास असे ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ म्हणून त्याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच. मात्र ज्यांनी तो सिद्ध केला त्यांना ध्यास होता तो गेलेल्या माणसाचा: त्याचे बोलणे, जेवणे, थट्टा करणे, रागावणे यातले काही हातचे जाऊ नये, एवढाच. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा लोकांच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले गेले. त्यातला एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. मम्मटाच्या सहा प्रयोजनांत विरह कुठे बसवायचा, हे मला अजून उमगलेले नाही.

याच रिद्धपुरात गोविंदप्रभूंनी स्वतःच्याच लग्नाचा खेळ मांडला. लग्न म्हटले की गाणी हवीत. ती पंथातल्याच महदाइसेने तिथल्या तिथे रचली. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे तिचे ‘धवळे’ आज मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्रीची रचना म्हणून अभ्यासले जातात. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूरही याच जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी आहे, हे जाता जाता सांगायला हवे. आणि पंथातले पंडित केशिराज यांनी संस्कृतात लिहायचे मनात आणले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या बायांना त्यातले काय कळणार, ही काळजी त्यांना होती. वाङ्मयाची भाषा कोणती असावी, हा निर्णय ऐकणारीकडे पाहून झाला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याहून मोठे निर्णय फार थोडे असतील.

रिद्धपुराच्या वायव्येला मेळघाट लागतो. तिथले कोरकू आदिवासी आपल्या मृतांसाठी कोरलेले लाकडी स्मृतिफलक उभारतात. त्यांना मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावरचा स्वार असतो. पोथी आणि फळी यांत अंतर फार, पण दोन्ही उभ्या राहिल्या त्या गेलेल्या माणसासाठीच. कलेच्या अभ्यासकाने दोन्हीकडे एकाच आदराने पाहावे. आपल्या वाङ्मयेतिहासांनी असे क्वचितच केले आहे.

आता पोळा. श्रावण अमावास्येच्या दुपारी वेशीजवळ आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते. शिंगे रंगवलेले, झूल पांघरलेले बैल ओळीने उभे असतात, आणि त्यांच्या पुढे होऊन कोणीतरी एकजण झडती टाकतो. चार-सहा यमकांची, बहुधा तोंडीच रचलेली ही रचना. तिच्यात देवाचे नाव असते, बैलाचे कौतुक असते आणि कापसाचा पडलेला भाव, सावकार, सरपंच, सरकार यांचा खरपूस समाचारही असतो. शेवटी ‘हर हर महादेव’चा गजर होतो, आणि तो विरतो न विरतो तोच समोरच्या बाजूने उत्तराची झडती येते. ज्याच्यावर ती बेतलेली असते तो गडी पाच हातांवर उभा असतो, आणि त्यालाही हसावे लागते. एरवी ज्याच्यापुढे ब्र काढता येत नाही, त्याला वर्षातून एक दिवस यमकाच्या आडून चार शब्द ऐकवता येतात. इथे कवीचे नाव उरत नाही, पैसाही मिळत नाही. उपदेश म्हणावा तर तो गोड मुळीच नाही.

अर्थात सगळेच ऐकणारे समोर नसतात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक ही गरीब शिंप्याची बायको अस्सल वऱ्हाडीत बोलते, पण तिच्यासारख्या बाईच्या हाती ती कादंबरी पडण्याचा संभव त्या काळी जवळजवळ नव्हताच. मग शेळक्यांनी ती लिहिली कोणासाठी? वाचणाऱ्यांना न वाचणाऱ्यांचे जिणे ऐकवण्यासाठी, असे एक उत्तर देता येईल. ते पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. सुरेश भटांचे (अमरावती, १९३२) उदाहरण आणखी वेगळे. स्वतः गझल लिहून ते थांबले नाहीत. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि नवख्यांना पत्रांतून धडे दिले. आपला समानधर्मा पुढे कधीतरी जन्माला येईल, असा भरवसा विदर्भाच्याच भवभूती या संस्कृत नाटककाराने ठेवला होता. भटांना तेवढी वाट पाहणे बहुधा मान्य नसावे.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी वाङ्मयेतिहासाच्या जाडजूड खंडांपासून सुरुवात करू नये. ‘लीळाचरित्रा’ची डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली १९७८ ची प्रत ग्रंथालयात मिळाली, तर तिच्यातली कोणतीही एक छोटी लीळा काढा आणि मोठ्याने वाचा. जुनी मराठी डोळ्यांना अवघड वाटते, कानाला तेवढी नाही. ‘धग’मधले संवादही असेच वाचावेत. वऱ्हाडीची गोडी लागली की अकोल्याच्या विठ्ठल वाघांच्या कवितेकडे वळावे. अमरावतीतच १९२३ साली विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला आणि २०२४ पासून रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, तेव्हा विचारायला दारे आहेत. झडत्या मात्र तुम्हाला पोळ्यालाच जाऊन ऐकाव्या लागतील. टिपून घेताना गाव आणि साल न विसरता लिहा. त्या वर्षी कापूस काय भावाने गेला हे ठाऊक नसेल, तर निम्मी झडती कळत नाही.