लातूरचे जुने स्टेशन

लातुरात ‘जुने रेल्वे स्टेशन’ असा पत्ता सांगितला, की रिक्षावाला आजही बरोबर नेऊन सोडतो. गाडी मात्र तेथे येत नाही. २००७ साली ब्रॉडगेज आली, नवे स्टेशन दुसरीकडे झाले आणि जुन्याचे नाव तेवढे उरले.

बार्शी लाइट रेल्वे ही विलायती कंपनी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवरची ही गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला आणली. १९०६ साली ती पंढरपूरला गेली आणि १९११ साली निजामाच्या मुलुखात लातूरला पोहोचली. लातूरच्या पेठेत भरलेला माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवावा लागे. रुळांतील हे अंतर हमालाची पाठ भरून काढी.

इंजिनाच्या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. आम्ही शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक शिकलो, म्हणून आमची नजर पॉइंट्समन, फायरमन, गँगमन यांच्याकडे जाते.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. तिच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १९५३ रोजी, कंपनीने साऱ्या कामगारांची नोकरी संपवली. सरकारने बहुतेकांना कामावर घेतले हे खरे. पण कंपनीच्या सेवेचा हिशेब कोणी चुकता करायचा? कामगारांनी कपातीची भरपाई मागितली. ‘कंपनी विरुद्ध के. एन. जोगळेकर’ या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला : चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे म्हणजे कपात, धंदाच दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. कामगार हरले.

या निकालाने देशभरच्या कामगारांपुढे प्रश्न उभा राहिला. १९५७ साली संसदेने औद्योगिक कलह कायद्यातील २५-एफएफ हे कलम बदलून नव्याने घातले. मालक बदलताना नोकरी तुटली किंवा तिच्या अटी उतरल्या, तर भरपाई द्यावी, असे ठरले. ते लागू धरले २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून!

ज्यांच्या पराभवातून कलमाचे हे रूप निघाले, त्यांनाच त्याचा लाभ मिळाला नाही. पुढे अनेक गिरण्या-कारखान्यांतील कामगारांनी त्याचा आधार घेतला. त्या स्टेशनच्या पत्त्यावर उतरलात, तर या माणसांची एवढी आठवण ठेवा, इतकेच आमचे मागणे.