डॅशबोर्डखालचं सोळा पिनांचं सॉकेट

गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंगच्या खाली हात घालून चाचपलंत तर प्लास्टिकचं एक सॉकेट हाताला लागेल. वरची बाजू रुंद, खालची जरा अरुंद, आत आठ-आठच्या दोन ओळी. काही गाड्यांत त्यावर झाकण असतं, काहींत ते फ्यूजबॉक्सच्या शेजारी दडलेलं असतं. गाडी घेताना आपण टचस्क्रीन किती इंची ते विचारतो, एअरबॅग किती ते विचारतो (आणि मायलेज तर विचारतोच!), पण हे भोक कशासाठी, असं विचारणारा गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेला नाही.

याला ओबीडी पोर्ट म्हणतात. ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर त्यात बसवायचा, मोबाइलवर एखादं अ‍ॅप टाकायचं, की गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवून ठेवलेल्या तक्रारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून वाचता येतात. कसं करायचं ते सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतील, त्यामुळे ते मी सांगत बसत नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मोबाइलची बॅटरीसुद्धा आपल्या हाताने काढू न देण्याच्या या जमान्यात, गाडीच्या कंपन्यांनी आपल्या कॉम्प्युटरचे लॉग्ज कुणालाही वाचता येतील असे उघडे ठेवलेच का?

उत्तर असं की त्यांनी आपणहून ठेवले नाहीत. आणि ज्यांनी ठेवायला लावले, त्यांच्या डोक्यात सुरुवातीला गाडीची दुरुस्ती नव्हतीच. त्यांना काळजी होती हवेची.

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये. जुलै १९४३. महायुद्ध चालू, आणि एके दिवशी शहरावर असा काही धुरकट पडदा पसरला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला, समोरचं दिसेना. जपान्यांनी विषारी वायू सोडला अशी अफवा उठली. मग संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर, जिथे कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाईन बनायचं. तो काही काळ बंद ठेवून पाहिला. धुरकं तसंच.

कोडं सोडवलं आरी हागेन-स्मिट नावाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा कॅलटेकमध्ये अननसाच्या वासावर संशोधन करत होता! पिकलेल्या अननसाचा वास गोठवून त्यात नेमकं काय काय आहे ते शोधायचं, हा त्याचा उद्योग. तीच युक्ती त्याने शहराच्या हवेवर वापरली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन आणि डोळे झोंबवणारं ते सगळं मिश्रण तयार होतं. म्हणजे कारखाने होतेच, पण मोठा गुन्हेगार होता प्रत्येकाच्या दारात उभा असलेला. तेल कंपन्यांना अर्थातच हे पटलं नाही; त्यांनी पैसे देऊन दुसरीकडून संशोधन करवून घेतलं. हागेन-स्मिट आणखी चिडून कामाला लागला. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, एअर रिसोर्सेस बोर्ड, तेव्हा १९६८ मध्ये त्याचा पहिला अध्यक्ष हाच अननसवाला झाला.

१९७० च्या अमेरिकन कायद्याने कंपन्यांना सांगितलं, धुरातले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी कमी करा. त्यातून १९७५ च्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. पण पुढे एकाच कन्व्हर्टरमधून तिन्ही घाणी साफ करायच्या तर तो हट्टी निघाला. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, वजनाने, यापासून जरा हललं की त्याचं काम बिघडतं. कार्बुरेटरच्या स्क्रूने हे जमणं शक्य नव्हतं. म्हणून धुरात ऑक्सिजन किती ते मोजणारा सेन्सर आला, आणि त्याचं ऐकून दर क्षणाला पेट्रोल कमी-जास्त करायला कॉम्प्युटर आला. थोडक्यात, सर्वसामान्य गाडीत कॉम्प्युटर बसवायला लावला तो धुराने.

आता कॉम्प्युटर आला म्हणजे डिबगिंग आलंच. जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली एक १२ पिनांचं कनेक्टर दिलं. त्याच्या नावातच 'असेंब्ली लाइन' होतं, म्हणजे कारखान्यातून गाडी बाहेर पडताना तपासायला केलेली सोय. पण लोकांना पत्ता लागला की त्यातल्या 'ए' आणि 'बी' या दोन पिना कागदाच्या साध्या क्लिपने जोडल्या आणि इंजिन चालू न करता चावी फिरवली, की 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकायला लागतो. एकदा लुकलुक, थांबा, दोनदा लुकलुक, म्हणजे कोड १२. हा तीनदा यायचा आणि त्याचा अर्थ 'इंजिन फिरत नाहीये, पण मी जागा आहे', म्हणजे आपलं हॅलो वर्ल्डच. त्यानंतर खरे कोड. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं सर्किट, ४४ म्हणजे धुरात ऑक्सिजन जास्त, ४५ म्हणजे पेट्रोल जास्त. वही घेऊन लुकलुक मोजत बसायचं. घरच्या घरी फॉल्ट कोड वाचण्याची सुरुवात ही अशी एका क्लिपने झाली.

हवा मंडळाची अडचण मात्र निराळी होती. नवी गाडी चाचणीत पास होते. चार वर्षांनी सेन्सर मेला तर? गाडी चालतेच की! ड्रायव्हरला फार तर मायलेज थोडं कमी झाल्याचं जाणवेल. इंजिन ठोकायला लागलं तर माणूस गॅरेजला जातो, पण आपली गाडी पाठीमागच्यांच्या फुफ्फुसात काय सोडतेय हे कळायला त्याला काही मार्गच नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८५ मध्ये नियम केला आणि १९८८ च्या गाड्यांपासून लागू केला. धूर साफ ठेवणाऱ्या यंत्रणेवर गाडीने स्वतःच लक्ष ठेवायचं, बिघाड दिसला तर दिवा लावायचा आणि तो बिघाड लक्षात ठेवायचा. हा ओबीडीचा पहिला अवतार. फक्त कनेक्टर कसलं आणि कोड कुठले, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. मग काय, प्रत्येकाचं कनेक्टर वेगळं आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. मोबाइलचे चार्जर आठवा, म्हणजे गॅरेजवाल्याच्या ड्रॉवरची कल्पना येईल.

१९९० मध्ये अमेरिकेने हवेचा कायदा सुधारला, तेव्हा त्यात एक छोटं कलम घातलं गेलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तीच. त्याचा आशय असा: धुराशी संबंधित निदान यंत्रणेपर्यंत कनेक्टरमधून पोचायला आडकाठी नको, त्यासाठी पासवर्ड नको, फक्त कंपनीकडेच मिळेल असं उपकरण लागता कामा नये. कनेक्टर सगळ्यांचं सारखं हवं. आणि आतून येणारी माहिती खास गुप्त चावीशिवाय वाचता आली पाहिजे. शिवाय दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या कुणालाही लागणारी माहिती कंपनीने दिली पाहिजे. ओपन एपीआय हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या कितीतरी आधी कायद्यानेच तो सक्तीचा करून टाकला!

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला हे दुसऱ्या अवताराचं, सोळा पिनांचं सॉकेट आलं. स्टिअरिंगपासून दोन फुटांच्या आत. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ मध्ये आलं. भारतात बीएस-४ बरोबर एप्रिल २०१० पासून पहिली पायरी आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी. त्यामुळे तुमची गाडी २०१३ नंतरची असेल तर सॉकेट आहेच समजा.

समितीने बनवलेल्या गोष्टीत तडजोड नसेल तर ती समिती कसली. सॉकेटचा आकार एक ठरला, पण आतली भाषा कुणीच सोडेना. जनरल मोटर्सचा प्रोटोकॉल एक, फोर्डचा दुसरा, युरोपियन आणि आशियाई कंपन्यांचे आणखी वेगळे. मग काय केलं? प्रत्येकाला वेगवेगळ्या पिना वाटून दिल्या! अमेरिकेत २००८ च्या गाड्यांपासून सगळ्यांना कॅन बसवर यावं लागलं, तोवर हा संसार असाच चालला. तुमच्या स्वस्तातल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये जी चिप असते (किंवा जिची नक्कल असते) ती एल्म ३२७, एका छोट्या कॅनेडियन कंपनीने केलेली. हे सगळे प्रोटोकॉल स्वतः ओळखून बाहेर साधी अक्षरं देणं एवढंच तिचं काम. पहिल्या आवृत्तीत कंपनीने कोड चोरीपासून संरक्षण चालू केलं नव्हतं, त्यामुळे नकलांचा पूर आला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला अजून जोरात विकल्या जातायत.

भाषा तशी सोपी आहे. '०१ ०सी' पाठवलं म्हणजे 'इंजिन किती फेऱ्यांनी फिरतंय?' उत्तर येतं '४१ ०सी १ए एफ८'. शेवटचे दोन बाइट म्हणजे ६९०४, भागिले चार, १७२६ आरपीएम. '०३' पाठवलं की साठवलेले कोड. '०४' पाठवलं की ते पुसले जातात, आणि बिघाडाच्या क्षणी वेग, तापमान काय होतं याची जी नोंद असते तीही जाते. म्हणून आधी वाचा, लिहून ठेवा, मग पुसा. बरेच जण दिवा विझवायच्या घाईत पुरावाच पुसून टाकतात.

कोडचं पहिलं अक्षर 'पी' असेल तर इंजिन-गिअरबॉक्स. पुढे शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड, एक म्हणजे त्या कंपनीचा खासगी. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी०४२० हा बदनाम कोड, कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा. पण हे कॉम्प्युटरला कळतं कसं? कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर, मागे एक. पुढच्याचं रीडिंग सतत वर-खाली होतं, मागच्याचं शांत राहायला हवं, कारण मधला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून चढउतार गिळतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की पी०४२०. म्हणजे हा अंदाज आहे, निकाल नव्हे. सायलेन्सरच्या पाइपला गळती असली तरी हाच कोड येऊ शकतो. कुणी थेट कन्व्हर्टर बदलायला सांगितलं तर आधी ते बघायला सांगा.

माझ्या एका मित्राच्या गाडीचा दिवा लागला होता. गॅरेजने सांगितलं, सेन्सर गेलाय, मागवावा लागेल. आम्ही कोड वाचला, पी०११३. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं व्होल्टेज जास्त, आणि वायर निघाली असेल तेव्हाही ते असंच दिसतं. आदल्याच आठवड्यात एअर फिल्टर बदलला होता. बॉनेट उघडलं, प्लग लोंबकळत होता. टक् करून बसवला. गॅरेजवाला लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे बहुधा कोडचं भाषांतर होतं, पण बघायला वेळ नव्हता.

आणि लबाडीचा प्रश्न खरा वरच्या पातळीवरचा आहे. सॉकेट उघडं आहे ते फक्त धुराच्या बाबतीत, कारण कायदा धुराचा. एबीएस, एअरबॅग, चावी नव्याने जोडणं, हे सगळं त्याच सॉकेटमधून जातं पण कंपनीच्या खासगी भाषेत. ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला तो याच प्रकारासाठी. सुटे भाग, मॅन्युअल आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. कंपन्या अपिलात गेल्या, आणि २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने त्यातल्या तीन कंपन्यांच्या बाबतीत गैरप्रकार झाल्याचं मान्य केलं पण दंड कमी केला. चौकातल्या गॅरेजवाल्याला एबीएसचा दिवा का लागलाय हे सांगता येत नसेल, तर तो नेहमीच अडाणी असतो असं नाही.

आता इलेक्ट्रिक गाड्या. त्यांना धुराडंच नाही, मग धुराच्या कायद्याने उघडायला लावलेलं सॉकेट त्यांना कोण सक्तीचं करणार? टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये सुरुवातीला हे नेहमीचं सॉकेट नव्हतंच. इतर अनेकांत सॉकेट आहे, पण बॅटरीची तब्येत विचारायची तर कमांड कंपनीच्या, हौशी लोकांनी शोधून काढलेल्या. २०२२ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नियम केला की २०२६ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही ठरावीक सॉकेट आणि ठरावीक माहिती द्यावी लागेल. असे नियम करायला त्या राज्याला केंद्राची परवानगी लागते. जून २०२५ मध्ये वॉशिंग्टनने ती परवानगी रद्द केली आणि कॅलिफोर्निया त्याच दिवशी कोर्टात गेलं. त्यामुळे इलेक्ट्रिकवाल्या मित्रांनो, पेट्रोल गाडीचा अ‍ॅडॅप्टर तुमच्या गाडीला लावून '०१ ०सी' विचारलंत तर बहुधा दोनच शब्द परत येतील, 'नो डेटा'.