उथळ पाण्यात लाट हळू का होते? सूत्र, घरचा प्रयोग आणि १९४५ ची मुंबई

मी जळगावचा. आपली तापी खानदेशातून पुढे सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते, पण आपण लाटा बघतो त्या मेहरूण तलावातल्याच. त्यामुळे 'सुनामी ताशी ७०० किमी वेगाने येते' असं फोनवर वाचलं की मला एकच प्रश्न पडायचा: मग लोकांना पळायला वेळ मिळणार कसा? उत्तर पाण्याच्या खोलीत आहे. चला, बघूया.

लाटेला तळ कधी कळतो?

दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. पाणी तरंगलांबीच्या निम्म्याहून जास्त खोल असेल, तर लाटेला तळाचा पत्ताच लागत नाही. मेहरूणमध्ये दगड टाकल्यावर उठणारी १० सेमीची लाट ५ सेमी खाली काय आहे ते ओळखत नाही. सुनामीची तरंगलांबी मात्र शंभर-दोनशे किमी असते. तिच्यासाठी ४ किमी खोल महासागरसुद्धा परातीतल्या पाण्याइतका उथळ!

अशा 'उथळ पाण्यातल्या' लाटेचं सूत्र सोपं आहे:

वेग = √(९.८ × खोली)

खोली मीटरमध्ये टाका, वेग मीटर प्रति सेकंद मिळतो.

- ४००० मीटर: ताशी सुमारे ७१० किमी
- ७० मीटर: ताशी सुमारे ९४ किमी
- १० मीटर: ताशी सुमारे ३६ किमी

घरी करून बघा

लांबट ट्रेमध्ये १ सेमी पाणी घ्या. एक कड जराशी उचलून सोडा आणि फोनच्या स्लो-मोशनमध्ये लाट शूट करा. मग पाणी ४ सेमी करून पुन्हा शूट करा. खोली चौपट झाली की वेग साधारण दुप्पट होतो. ६० सेमीच्या ट्रेमध्ये आधी जवळपास २ सेकंद लागतील, नंतर १.

खोली बदलत गेली की काय होतं?

लाट किनाऱ्याकडे येताना पुढचा भाग आधी मंदावतो, मागचा त्याच्या जवळ येतो. तरंगलांबी कमी होते, पण दोन शिखरांमधला वेळ तोच राहतो. ऊर्जा कमी जागेत दाटते, म्हणून उंची वाढते. जॉर्ज ग्रीन या गणितज्ञाच्या नियमानुसार ३००० मीटर खोलीवरची लाट १० मीटरवर आली की सुमारे चौपट उंच होते. लाट तिरपी येत असेल, तर उथळ भागातलं टोक मागे पडतं आणि ती किनाऱ्याकडे वळते.

मुंबई, २८ नोव्हेंबर १९४५

त्या दिवशी पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. सुनामी मुंबईत वर्सोवा, जुहू, खार दांडा भागात पोचली सकाळी सव्वाआठच्या सुमारास. जीवितहानीही झाली. म्हणजे पावणेपाच-पाच तास लागले.

मी ढोबळ हिशोब केला. पहिले ८५० किमी सरासरी ३००० मीटर खोल धरले, तर सव्वा ते दीड तास लागतो. मुंबईसमोर जवळपास ३०० किमी रुंद उथळ पट्टा आहे. तिथे खोली ७० मीटर धरली, तर एकट्या त्या पट्ट्याला तीन तासांहून जास्त! बेरीज साडेचार तास. दोन ओळींच्या हिशोबाला हे उत्तर वाईट नाही.

फोनवरचा अलर्ट

खोलीचे नकाशे आधीच तयार असतात. म्हणून भूकंपाची जागा कळली की लाट कुठे, कधी पोचेल ते लगेच सांगता येतं. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस संस्था २००७ पासून सुनामीचा इशारा देते. १९४५ मध्ये वेळ होता, पण सांगणारं कोणी नव्हतं.

सूत्र कुठे थांबतं?

हा सगळा 'रेषीय' सिद्धांत. लाटेची उंची खोलीच्या मानाने खूप कमी आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. उंची खोलीच्या पाऊण पटीच्या आसपास गेली की लाट फुटते आणि हे सूत्र चालत नाही. म्हणून पोचण्याच्या वेळेवर भरवसा ठेवा, पण किनाऱ्यावर पाणी किती आत येईल ते या सूत्राने मोजू नका. कोकणात फिरायला गेलात आणि अलर्ट आला, तर व्हिडिओ नको. मंदावलेली लाट म्हणजे उंच होत चाललेली लाट. सरळ उंच जागा गाठा.