वाजवणाऱ्यांची नावं

१९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मुंबईतल्या जाझची गोष्ट बहुतेक जण इथून सुरू करतात. मागोमाग पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. त्यानं आपल्या बँडमध्ये गोव्याची पोरं घेतली. गोव्याचीच का? पोर्तुगीज राजवटीत तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. गावात पोटापाण्याची सोय नसे, मग मुंबई.

त्यांतले ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड उतारवयात पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्याशी बोलले. जाझ सकाळी वेगळा वाजतो, संध्याकाळी वेगळा. जसं मन, तसा, असं त्यांचं सांगणं. आपल्याकडे रागाची वेळ घड्याळ ठरवतं, इथे मन. अशी गोष्ट रेकॉर्डवरच्या लेबलावरून कळत नाही, वाजवणाऱ्याच्याच तोंडून ऐकावी लागते.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गिऱ्हाईक गेलं, मुंबईत दारूबंदी आली. हॉटेलं बसली, तसे हे लोक सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. आमच्या औरंगाबादहून फार लांब नसलेल्या, गोदाकाठच्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांना हाताशी मिळाला चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. 'अलबेला' (१९५१) त्या जोडीचा. त्यात चिक बँडसह पडद्यावरही दिसतो. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. तिच्याभोवतीचे स्वरमेळ, मधले तुकडे, कुठे ट्रम्पेट आणि कुठे व्हायोलिनं, हे पुष्कळदा अरेंजर कागदावर उतरवायचा. माझ्या लहानपणी घरात रेडिओ सतत चालू असायचा. निवेदक गायक, गीतकार, संगीतकार सांगून मोकळा. ज्या तुकड्यावर आम्ही मान डोलवायचो, तो कुणाचा?

ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं स्टुडिओतल्या वादकांना हाच प्रश्न विचारत मुलाखती घेतल्या. २००८ साली त्याचं पुस्तक आलं. म्हाताऱ्यांच्या आठवणी, त्यावर कसा भरवसा ठेवायचा, असं कुणी म्हणेल. तारखा चुकतही असतील. पण खाँसाहेबांची विद्या तरी आपल्यापर्यंत कशी आली? सीना-ब-सीनाच. फरक एवढाच की खाँसाहेबांना घराणं होतं. शागिर्द उस्तादाचं नाव घेताना कान पकडतो. या गोवेकरांसाठी कान पकडणारे फार थोडे.

एकानं मात्र पकडला. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. जाझवाले नव्हेत, पण याच स्टुडिओंतले. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) प्यारेलाल यांनी उस्तादांचं पूर्ण नाव गाण्यातच घातलं. ते नाव देशभर गायलं गेलं, वरातीतल्या बँडवाल्यांनीही वाजवलं. आमच्या गल्लीत तर सगळ्यांना ते सिनेमातलं बनावट नावच वाटायचं.