मुकुंदवाडी परिसरातील जलतरण तलाव

मुकुंदवाडी : छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व भागातील वस्ती. जालना रस्त्यालगत, सिडको आणि चिकलठाणा विमानतळ यांच्या दरम्यान. मूळचे खेडे, सिडकोची घरे आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढत गेली तसे शहरात सामावले. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर याच नावाचे लहान स्थानक आहे.

पोहायला जायचे तर येथील रहिवाशांना जवळ पडतो तो सिडको एन-६ मधील एमजीएम परिसरातला तलाव. एमजीएम म्हणजे महात्मा गांधी मिशन. त्याच्या शिक्षणसंस्था येथे आधीपासून होत्या. एमजीएम विद्यापीठ मात्र २०१९ मध्ये स्थापन झाले. महापालिकेचा तलाव मध्यवर्ती बसस्थानकाजवळ सिद्धार्थ उद्यानात आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि त्याच्या परिसरातील भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला पडतात.

पोहण्याची हौस मात्र तलावांहून जुनी. मराठवाड्यात पोहणे शिकवले ते विहिरींनी. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा, कमरेला दोर आणि दोराचे टोक धरून काठावर काका किंवा थोरला भाऊ. दोर हळूहळू सैल सुटे. डबा सुटला की पोरगा पोहणारा झाला. मग मुटके मारणे सुरू : गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन उडी, काठावरचे सगळे ओले. सरळ सूर मारणाऱ्याचा मान वेगळा. मुलींच्या वाट्याला ही शाळा फारशी आली नाही. तलावावर महिलांसाठी राखीव वेळ असते, तेवढ्यावरून तरी विहिरीपेक्षा तलाव उजवा ठरतो. पुढे शेते प्लॉटमध्ये गेली तशा विहिरीही गेल्या.

विहिरीतला सूर आणि स्पर्धेतले डायव्हिंग यांत खोलीचा फरक आहे. शर्यतीचा तलाव दोन मीटर खोल असला तरी चालतो. तीन मीटर उंचीच्या स्प्रिंगबोर्डखाली पावणेचार मीटरच्या आसपास आणि दहा मीटरच्या मंचाखाली साडेचार ते पाच मीटर पाणी लागते. वरून संथ पाण्याचा पृष्ठभाग नीट दिसत नाही, म्हणून फवारा मारून तो हलता ठेवतात. एवढा खोल तलाव बांधणे आणि राखणे महाग असल्यामुळे डायव्हिंगच्या सोयी मोजक्या शहरांत उरतात. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांत जलतरण आणि वॉटर पोलोबरोबर डायव्हिंगही असते, पण फळीवर रोज चढायला मिळाल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही.

पाण्याचा प्रश्न येथे टाळता येत नाही. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. ते रोज बदलत नाहीत. गाळून, क्लोरीन घालून तेच फिरवतात. खरी घट उन्हाची. वैशाखात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले तरी साडेबारा हजार लिटर, म्हणजे रोजचा एक टँकर. शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून उपसून, चढावर चढवून आणावे लागते. २०१९ च्या टंचाईत मुकुंदवाडी स्थानकाजवळच्या वस्तीतील मुले रेल्वेने शहराच्या, तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकावर जाऊन पिण्याचे पाणी भरून आणत. जाऊन-येऊन १४ किलोमीटर. अशा वर्षी तलाव भरलेला पाहून कोणाचेही डोके फिरेल, आणि ते चूक म्हणवत नाही.

तरीही तलाव बंद ठेवून पोरे पोहायची थांबत नाहीत. ती खदानीकडे आणि पाझर तलावाकडे वळतात. तेथे ना खोलीचा अंदाज, ना दोर धरणारा, ना जीवरक्षक. तलावाची सर्वांत जास्त गरज याच मुलांना आहे. मासिक शुल्क भरून बॅचला येणारी मुले बहुधा दुसऱ्या घरांतली असतात. एमजीएमच्या तलावाने शाळांसाठी सकाळचा एक तास मोफत ठेवला, तर पाण्याचा वापर फारसा वाढणार नाही.