हुन्तुरू : हौसा प्रदेशातील वाऱ्याचा आणि हवेचा इतिहास

उत्तर नायजेरियातील कात्सिना शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर बातागारावा हे हौसाभाषक शेतकऱ्यांचे गाव आहे. पॉली हिल या संशोधक विदुषीने १९६७ मध्ये तेथे राहून केलेल्या पाहणीवर आधारलेला ‘रूरल हौसा’ हा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून कोरडवाहू शेतीच्या अभ्यासात या लहानशा गावाला मोठे स्थान मिळाले. तेथील वर्षाचे चार भाग पडतात : ‘दामिना’ म्हणजे पावसाळा, ‘काका’ म्हणजे सुगी, ‘हुन्तुरू’ म्हणजे ईशान्येकडून येणाऱ्या थंड, कोरड्या, धुळीने भरलेल्या वाऱ्याचे दिवस आणि ‘बाझारा’ म्हणजे पहिल्या सरीपूर्वीचा कडक उन्हाळा. बिनपावसाच्या साऱ्या काळाला ‘रानी’ असे सामान्य नाव असून, त्या काळात पोटापाण्यासाठी गाव सोडून जाण्याच्या जुन्या प्रथेला ‘चिन रानी’, म्हणजे शब्दशः ‘रानी खाणे’, असे म्हटले जाते.

हुन्तुरूच्या धुळीचा एक मोठा उगम बातागारावाच्या ईशान्येस हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, चाड देशातील बोदेले या सखल प्रदेशात आहे. काही हजार वर्षांपूर्वी तेथे महाचाड नावाने ओळखले जाणारे अतिविस्तीर्ण सरोवर होते. ते आटल्यावर त्यातील सूक्ष्म जलवनस्पतींच्या सिलिकायुक्त कवचांचा पांढरा, हलका थर उघडा पडला. तिबेस्ती आणि एन्नेदी या पर्वतांमधल्या फटीतून वेगाने घुसणारा वारा हाच थर भुकटी करून उचलतो. अशी धूळ अटलांटिक महासागरावरील जहाजांवरही पडते आणि चार्ल्स डार्विनने १८४६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. कानो आणि झारिया या भागांतील जमिनीवर शतकानुशतके साचलेल्या वाऱ्याच्या मातीचा थर आढळतो. म्हणजे जी धूळ डोळ्यांत जाते, तीच पिकाखालच्या मातीतही मिसळलेली असते. तरी केवळ त्या धुळीवर शेती पिकत नाही. घरादारातील केरकचरा आणि शेण यांचे ‘ताकी’ नावाचे खत गाढवांवर लादून शेतात नेण्याचे काम याच कोरड्या दिवसांत उरकले जाते आणि त्यावर पुढच्या दामिनातील ‘गेरो’ म्हणजे बाजरी आणि ‘दावा’ म्हणजे ज्वारी उभी राहते. ही बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेचीच असून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोहोचली, हे येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही.

युरोपीय वाङ्मयात मात्र हा वारा ‘हरमॅटन’ या नावाने आणि अगदी वेगळ्या ओळखीने आला. लिव्हरपूलचे वैद्य मॅथ्यू डॉब्सन यांनी १७८१ मध्ये गिनीच्या किनाऱ्यावरील निरीक्षणांच्या आधारे त्याचे वर्णन छापले. त्यात झाडेझुडपे करपवणारा हा वारा माणसांना मात्र आरोग्यदायी असल्याचे म्हटले होते. दमट, तापाने ग्रासलेल्या किनाऱ्यावर या कोरड्या हवेने हायसे वाटे, म्हणून इंग्रज त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागले. हे वर्णन किनाऱ्यापुरते खरे असले तरी अंतर्भागातील लोकांना या वाऱ्याने काय सोसावे लागते, याची त्यात दखलच नव्हती, आणि हा दोष किरकोळ मानता येत नाही.

कारण अंतर्भागात हुन्तुरू संपता संपता आणि बाझारात मेंदूज्वर येतो. मेंदूभोवतालच्या आवरणाला सूज आणणाऱ्या या रोगाला हौसा भाषेत ‘सांकाराऊ’ म्हणतात. मान ताठरणे हे त्याचे ठळक लक्षण या नावातच आहे. कोरडी, धुळकट हवा नाकाघशाचे अस्तर दुखावते आणि घशात निरुपद्रवीपणे राहणारे जंतू रक्तात शिरतात, असे मानले जाते. पहिला पाऊस पडला की साथ ओसरते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या या ‘मेंदूज्वर पट्ट्या’ची रूपरेषा लापेसोनी या फ्रेंच वैद्याने १९६३ मध्ये मांडली. १९९६ च्या साथीत एकट्या नायजेरियात एक लाखाहून अधिक रुग्ण आणि अकरा हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्या वेळची साधी लस लहान बालकांना नीट संरक्षण देत नसे आणि तिचा परिणामही थोडीच वर्षे टिके, त्यामुळे साथ उद्भवल्यानंतर धावपळीने टोचणी करण्यापलीकडे फारसे काही होऊ शकत नव्हते.

ही कोंडी फोडणाऱ्या ‘मेनआफ्रीव्हॅक’ या लशीचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले. आफ्रिकेच्या गरीब देशांना परवडावी म्हणून एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी ठेवण्यात आली होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोठ्या प्रमाणावर लसीकरण सुरू झाल्यावर ‘अ’ गटाच्या जंतूचा मेंदूज्वर या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. वारा आणि धूळ तशीच राहिली, आणि २०१७ मध्ये वायव्य नायजेरियात ‘क’ गटाच्या जंतूने मोठी साथ आणली. पाच गटांच्या जंतूंपासून संरक्षण देणारी पुढची लसही पुण्यातच तयार झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती वापरात आणणारा नायजेरिया हा जगातला पहिला देश ठरला.