डुकराच्या रक्तातला हिशेब

आमच्या वडार वस्तीचा इतिहास कागदावर फारसा नाही. दगड किती फोडला ते मुकादमाच्या वहीत. डुकरं पाळली ते फक्त गावाच्या शिव्यांत. पण माझी दहावीची फी डुकरावर भरली, थोरल्या बहिणीचं लग्न डुकरावर उरकलं. म्हणून हे लिहून ठेवतो.

आज्जीच्या काळात डुकरं काळी, गावठी. दिवसभर उकिरडे उकरायची, तिन्हीसांजेला दारात यायची. आज्जी घमेल्यात खरकटं, कोंडा आणि बाजारातून आणलेली माशांची डोकी-आतडी शिजवून ओतायची. कोणी नुसतं धान्य घातलं की म्हणायची, "निस्त्या दाण्यानं चरबी धरतंय, अंग न्हाई धरत."

१९८०नंतर कर्जाच्या योजनेतून पांढरी यॉर्कशायर डुकरं आली. मूळ जात इंग्लंडची. काकानं दहा पिल्लं घेतली, फरशीचा गोठा बांधला. योजनेच्या कागदावर खुराक लिहिलेला : मका आणि शेंगदाणा पेंड. काका तराजूनं मोजून घालायचा. पिल्लं खायची भरपूर, पण लांबी धरेनात. गोठ्यात असा उग्र वास की डोळे चुरचुरायचे. आज्जी दारात उभी राहिली नि म्हणाली, "ल्येका, ही पेंड अंगाला लागंना झालीय. समदी मुतावाटं चाललीय." बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात.

त्याच सुमारास मी एका पशुवैद्यकीय कॉलेजात मदतनीस म्हणून लागलो. तिथं वाढीच्या डुकरांवर खुराकाचे प्रयोग चालत. रात्रभर उपाशी ठेवलेल्या डुकराचं आधी रक्त घ्यायचं, मग खायला घालायचं, आणि ठरल्या तासाला पुन्हा पुन्हा रक्त घ्यायचं. नळ्या मी धरायचो. मक्यातल्या पिठाची साखर तासाभरात रक्तात चढायची. प्रथिनं फुटून त्यांचे बारीक घटक, म्हणजे अमिनो आम्लं, रक्तात यायची. युरिया सावकाश चढायचा, तीन-चार तासांनी. माझं लक्ष त्या युरियावर खिळलं.

तिथल्या सरांनी मला समजेल असं सांगितलं. भिंत रचताना कोपऱ्याचे दगड संपले, की बाकीचा ढीग कितीही असो, पडूनच राहतो. डुकराच्या मांसाचा कोपऱ्याचा दगड म्हणजे लायसिन. ते कमी पडलं की उरलेली अमिनो आम्लं मांसात बसत नाहीत. शरीराला ती साठवून ठेवता येत नाहीत. यकृत त्यांच्यातल्या नायट्रोजनचा युरिया करतं. तो रक्तातून मूत्रात जातो आणि गोठ्याच्या फरशीवर त्याचा अमोनिया होतो. आज्जीच्या नाकाला आला तो वास हाच.

ही गोष्ट जगाला नवी नव्हती. १९६४ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मर्ट्झ आणि नेल्सन यांनी जास्त लायसिनचा मका दाखवून दिला, तो साध्या मक्यात लायसिन कमी म्हणूनच. १९७० साली डेन्मार्कच्या एगम यांनी रक्तातल्या युरियावरून प्रथिनांचा कस ओळखायची रीत मांडली. १९८१ साली ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेनं वाढत्या डुकराची गरज सांगितली : १०० ग्रॅम प्रथिनांत ७ ग्रॅम लायसिन, आणि बाकीच्यांचं माप त्याच्याशी लावायचं. शेंगदाण्याच्या प्रथिनांत ते साडेतीनच्या आसपास, मक्यात त्याहूनही कमी. दोन उण्यांची बेरीज करून आमच्या डुकरांपुढं ठेवली होती. सोयाबीनच्या प्रथिनांत सहाच्या वर, मासळीत त्याहून जास्त. आज्जीच्या घमेल्यातली माशांची डोकी म्हणजे कोपऱ्याचे दगडच होते की.

काकाची पहिली दहा डुकरं कमी वजनातच विकावी लागली. दुसऱ्या खेपेला त्यानं शेंगदाणा पेंडीच्या जागी बरीचशी सोयाबीन पेंड आणि थोडी सुक्या मासळीची कुटी घातली. महिनाभरात गोठ्यातला वास उतरला. डुकरं लांबली, पाठ भरली. काका मला म्हणाला, "रगत बगून जे कळलं ते म्हातारीला दारातनंच कळलं हुतं." कर्ज फिटायला आणखी दोन वर्षं लागली. वस्तीतल्या दुसऱ्या चार घरांनी मात्र पहिल्याच खेपेला हाय खाल्ली आणि पुन्हा दगडाच्या खाणीवर गेली.

त्या योजनेचा अहवाल पुढं माझ्या पाहण्यात आला. आमच्या वस्तीपुढं एकच ओळ होती : लाभार्थ्यांनी जनावरांची योग्य निगा राखली नाही. त्या माणसांनी खुराक कागदाबरहुकूम, मापानं घातला होता. तोलताना मी स्वतः बघितलंय. खोट कागदावरच्या खुराकात होती. ती तपासायला डुकराच्या रक्ताची एक नळी पुरली असती.